समुद्र आणि रूळ यांच्या मधली जमीन

नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात, उषवदाताचा एक लेख कोरलेला आहे. उषवदात हा क्षत्रप नहपानाचा जावई, काळ सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा. राजघराण्यातल्या माणसाने केलेल्या दानांची ती जंत्री आहे: गाई, सोनं, गावं, घाट. त्या जंत्रीत मधेच सहा नद्यांची नावं येतात. इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा, दाहनुका. या नद्यांवर त्याने नावेने उतरण्याची फुकट सोय केली आणि दोन्ही तीरांवर उतारूंसाठी निवारे व पाणपोया घातल्या. पारादा म्हणजे पारडीजवळची पार, दमणा म्हणजे दमणगंगा, आणि दाहनुका म्हणजे आपल्या डहाणूचं पाणी, हे अभ्यासकांनी केव्हाच ओळखलं आहे.

डहाणूच्या दक्षिणेला चिंचणी आहे. तिथे 1955 साली सापडलेल्या ताम्रपटांपैकी एक शके 848चा, म्हणजे इसवी सन 926चा. तेव्हा राष्ट्रकूट इंद्र तिसरा राज्यावर होता आणि संजाण मंडळाचा कारभार मधुमती नावाच्या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे होता. महंमद या नावाचं ते संस्कृत रूप असावं, असं मानतात. यानेही पाण्यावर फुकट नावा ठेवल्या आणि संजाणला अन्नछत्र घातलं. दोघांमध्ये आठशे वर्षांचं अंतर, धर्म वेगळे, मुलूख वेगळे, आणि तरी या किनाऱ्यावर आल्यावर दोघांना सुचलेलं पुण्य एकच.

त्याचं कारण या भूमीच्या घडणीत आहे. डहाणूच्या खाडीपासून झाईच्या खाडीपर्यंतचा पट्टा पाहिला तर नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी अशी गावं एका ओळीत समुद्राला लागून बसलेली दिसतात. जमीन सपाट, चालायला सोपी. पण पूर्वेच्या डोंगरांतून उतरणारं प्रत्येक पाणी पश्चिमेला धावतं, आणि समुद्राला समांतर जाणाऱ्या माणसाला ते आडवं येतं. भरतीला ओढ्याची खाडी होते, ओहोटीला खाडीचा चिखल होतो. इथे वाट मोडते ती पाण्यापाशी, आणि ती अखंड ठेवायची तर तिथे कुणीतरी सतत उभं राहावं लागतं. उषवदाताच्या नावेला नावाडी लागत होता, पाणपोईला पाणी भरणारा लागत होता. लेखात त्यांची नावं नाहीत.

आज चिखल्याच्या पूर्वेने पश्चिम रेल्वेचे रूळ जातात. राजधानी जाते, मालगाड्या जातात, शेजारून मालवाहतुकीचा समर्पित मार्गही गेला आहे. त्या रुळांकडे मी या जुन्या दानांच्या वंशातली गोष्ट म्हणून पाहतो. ज्या नद्यांवर नावा होत्या त्यांच्यावर पूल आले, एवढंच झालं. वाट राखण्याचं काम मात्र संपलं नाही.

बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे ही कंपनी 1855ची. तिचा सल्लागार अभियंता कर्नल जॉन पिट केनेडी याचा आग्रह किनाऱ्याच्या मार्गासाठी होता. बोरघाट आणि थळघाट चढण्यात दुसऱ्या कंपनीची वर्षं आणि माणसं खर्च होत होती, तर इथे चढ जवळजवळ नव्हताच. अडचण होती ती गाळाची. पूल बांधायचा तर पाया कुठे टेकवायचा? केनेडीने लोखंडी खांबांच्या टोकाला स्क्रूसारखी पाती लावून ते गाळात पिळून उतरवले आणि त्यांवर त्रिकोणी जाळीच्या तुळया टाकल्या. 1860 साली अंकलेश्वर ते उतराण हा तुकडा सुरू झाला आणि 28 नोव्हेंबर 1864 रोजी गाडी मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोचली. वेगाच्या दृष्टीने हे काम थक्क करणारं होतं. नर्मदेने मात्र भरूचपाशी या कंपनीला पुन्हा पुन्हा हरवलं. तिथे 1881 साली नवा पूल उभा राहिला, तेव्हा कुठे ती नदी शांतपणे ओलांडता येऊ लागली.

या सगळ्यात रेल्वे बांधणाऱ्यांनी एक गोष्ट केली नाही, आणि मला ती फार मोलाची वाटते. चिखल्यापाशी त्यांनी रूळ पुळणीवर आणले नाहीत. हेतू काही उदात्त होता असं नाही. मुखापाशी रुंद होणारी खाडी थोडी आत, अरुंद जागी ओलांडली की पूल लहान होतो आणि भरावाला घट्ट जमीन मिळते, असा तो रोकडा हिशेब असणार. पण त्यामुळे समुद्र आणि रूळ यांच्यामध्ये जमिनीचा एक पट्टा राहिला. आधी पुळण, मग मर्यादवेल, मग सुरूची झाडं, मग डहाणू-बोर्डी रस्ता, वस्ती, चिकूच्या वाड्या, भाताची खाचरं, आणि त्यानंतर रूळ. गेली दीडशे वर्षं या रेल्वेचं लाटांपासून जे रक्षण झालं ते या पट्ट्याने केलं. त्यासाठी रेल्वेला खर्च पडला नाही, आणि म्हणूनच त्याची नोंदही कुठे झाली नाही.

असा पट्टा न ठेवता रूळ टाकले तर काय होतं, याचं उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. इझंबार्ड किंग्डम ब्रुनेल या थोर अभियंत्याने डेव्हन परगण्यातली रेल्वे डॉलिश गावाजवळ थेट समुद्राच्या काठावरून नेली. 1846 साली ती सुरू झाली. एका बाजूला तांबड्या खडकाचे ठिसूळ कडे, दुसऱ्या बाजूला लाटा, मधे भिंत आणि भिंतीवर रूळ. प्रवाशांना ते दृश्य अपूर्व वाटतं, आणि देखभाल करणाऱ्यांना पिढ्यानपिढ्या उसंत मिळालेली नाही. फेब्रुवारी 2014 मधल्या एका वादळी रात्री सुमारे 80 मीटर भिंत वाहून गेली. खालचा भराव निघून गेला आणि रूळ स्लीपरांसकट हवेत लोंबकळत राहिले. दुरुस्ती चालू असतानाच पलीकडे टिनमथच्या बाजूचा कडा सरकू लागला. एका अंगाला धूप, दुसऱ्या अंगाला दरड. 4 एप्रिलला गाड्या पुन्हा सुरू झाल्या, पण त्या दोन महिन्यांत इंग्लंडचा नैर्ऋत्य कोपरा रेल्वेने तुटलेलाच होता. पुढे 2023 पर्यंत डॉलिशला अधिक उंच, माथ्याशी समुद्राकडे वळलेली भिंत बांधून झाली. कड्याच्या बाजूला रूळच थोडे समुद्राकडे सरकवावेत, असा प्रस्ताव आला तेव्हा गावकऱ्यांनी तो मान्य केला नाही, कारण त्यात पुळण जाणार होती.

ब्रुनेलला दोष देणं आज सोपं आहे. त्याच्यासमोर पैसा, जमीनमालक आणि चढ हे प्रश्न होते. पण त्याने वाचवलेला खर्च पुढच्या पावणेदोनशे वर्षांवर वाटला गेला, आणि तो अजून फिटलेला नाही.

भिंतीचं गणित थोडं उलगडून सांगायला हवं, कारण आपल्याकडे धूप म्हटली की पहिला ठराव धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा होतो. उतरत्या पुळणीवर लाट आली की ती पसरते, धावते, वाळूत मुरते. तिचा जोर खर्ची पडतो. उभ्या भिंतीवर तीच लाट आपटून मागे फिरते आणि परतताना पायथ्याची वाळू घेऊन जाते. पायथा खोल झाला की पुढची लाट अधिक उंच येते. पावसाळ्यात समुद्र पुळणीची वाळू आत ओढून नेतो आणि हिवाळ्याच्या शांत लाटा ती परत आणून टाकतात. पण भिंतीपुढे खड्डा झाला असेल तर ती देवाणघेवाण बिघडते. शिवाय वाळू काठाच्या कडेकडेनेही सरकत असते. एका गावापुढे दगड टाकले की तिथली वाळू पुढच्या गावाला मिळत नाही, आणि भिंत जिथे संपते तिथे समुद्र अधिक जोराने आत शिरतो. मग पुढचं गाव बंधारा मागतं. त्या गावाचं चुकत नाही. ज्याचं अंगण उधाणात तुटतंय त्याने दगड मागायचे नाहीत तर काय करायचं? अशा वेळी बंधाराच हवा असतो, आणि तो वेळेवर हवा असतो. माझी तक्रार आहे ती किनाऱ्याचा विचार ग्रामपंचायतीच्या हद्दीपुरता करण्याच्या पद्धतीबद्दल. वाळू हद्द पाळत नाही.

चिखल्याच्या बाजूला समुद्राचं येणं-जाणंही मोठं आहे. खंभातच्या आखाताकडे जावं तशी भरती-ओहोटीतली उंची वाढत जाते. ओहोटीला इथे समुद्र दूरवर मागे जातो आणि पुळण विस्तीर्ण दिसते. पौर्णिमा-अमावास्येचं उधाण आणि नैर्ऋत्येचा वारा एकत्र आला की तेच पाणी सुरूच्या मुळांशी येऊन उभं राहतं. सुरूची मुळं उथळ असतात. खालची वाळू निघाली की उभी झाडं आडवी होतात. राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने 1990 ते 2018 या काळातल्या उपग्रहचित्रांवरून देशाच्या किनाऱ्याचा अभ्यास केला, त्यात सुमारे एक तृतीयांश किनारा धूप होत असलेला आढळला. महाराष्ट्रात खडक जास्त असल्याने आपलं प्रमाण त्याहून कमी, सुमारे पाव. पण चिखल्याचा किनारा खडकाचा नाही.

किनारा कायम राहत नाही, याची साक्ष याच रुळावर, घोलवडच्या पुढे मिळते. संजाण आज एक साधं स्थानक आहे. एके काळी ते अरब भूगोलकारांना सिंदान म्हणून माहीत असलेलं बंदर होतं. इराण सोडून आलेले पारशी तिथेच उतरले, अशी त्यांची परंपरा सांगते. संजाण शत्रूच्या हाती पडलं तेव्हा त्यांनी आपला पवित्र अग्नी काही वर्षं बाहरोटच्या डोंगरातल्या गुहेत जपला. ते बंदर पुढे गाळाने भरलं, माणसं पांगली. मधुमतीचं अन्नछत्र जिथे चालायचं तिथे आता जमिनीखालून खापऱ्या निघतात. किनारा हजार वर्षांत एवढा बदलतो, आणि आपले रूळ जेमतेम 160 वर्षांचे आहेत.

डॉलिशच्या कड्यामुळे दरडीचा विषय निघालाच आहे, तर कोकण रेल्वेकडे जावं लागतं. उत्तरेच्या या सपाट पट्ट्यात दरडीची भीती नाही. दक्षिण कोकणात ती रोजची आहे. 1998 साली देशाला अर्पण झालेला तो मार्ग आपल्या पिढीचं मोठं धाडस होतं. मधु दंडवते, जॉर्ज फर्नांडिस, ई. श्रीधरन ही नावं त्यामागे आहेत. सह्याद्रीतून सुटलेले डोंगराचे सोंडके समुद्रापर्यंत येतात, त्यांना छेदत सरळ जायचं म्हणजे कटिंग आणि बोगदे यांना पर्याय नव्हता. वरचा जांभा कठीण असतो आणि त्याच्याखाली अनेक ठिकाणी पांढरट चिकणमाती असते. जांभ्याच्या छिद्रांतून पावसाचं पाणी खाली जातं, त्या मातीपाशी अडतं, तिला मऊ करतं. आधार सुटला की वरचा खडक एका तुकड्यात खाली येतो. डोंगर आपल्या उताराने हजारो वर्षं शांत उभा होता. आपण त्याचा पायथा उभा कापला, तेव्हा तो नवा उतार शोधू लागला.

22 जून 2003च्या रात्री वैभववाडीजवळ कटिंगमध्ये आलेल्या दरडीवर कारवारहून मुंबईला निघालेली सुट्टीची खास गाडी आदळली. पन्नासच्या वर माणसं गेली. पुढच्याच वर्षी, 16 जून 2004 रोजी, करंजाडीजवळ आंबवलीच्या पुलावर मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अपघात झाला, तोही रुळावर आलेल्या दगडांमुळे. त्यानंतर खूप काम झालं आणि ते प्रामाणिकपणे झालं, असं मी म्हणेन. कटिंगांचे उतार कमी केले, पायऱ्या पाडल्या, लोखंडी जाळ्या बसवल्या, माथ्यावरून पाणी वळवणारी गटारं खोदली, मुळं खोल जाणारं वाळ्यासारखं गवत लावलं. पर्जन्यमापक बसवले. पावसाळ्यासाठी वेगळं वेळापत्रक आलं आणि जोराच्या पावसात समोरचं दिसेनासं झालं की गाडी ताशी 40 किलोमीटरवर आणायची, हा नियम झाला. तरी जुलै 2024 मध्ये दिवाणखवटीजवळ दरड आलीच, आणि गाड्या जागोजागी अडकल्या. त्या दिवशी प्रवाशांचे हाल झाले, पण गाडी दरडीवर गेली नाही. वैभववाडीनंतर जे शिकलो त्याचं माप या फरकात आहे.

या सर्व उपायांत मला सगळ्यात मोठा वाटतो तो माणूस. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे गस्तवाले रात्रभर रुळावरून चालतात. डोक्यावर पाऊस, हातात बत्ती, खांद्यावरच्या पिशवीत गाडी थांबवण्यासाठी रुळावर लावायचे फटाके. ठरलेलं अंतर चालायचं, पलीकडच्या गस्तवाल्याला भेटायचं, परतायचं. कटिंगच्या अंधारात माती पडल्याचा आवाज, नेहमीपेक्षा गढूळ झालेलं गटाराचं पाणी, तिरकं झालेलं झाड, या खुणा त्याला कळतात. पश्चिम रेल्वेवरही गँगमन, चावीवाला, गस्तवाला आहेत. आता त्यांना ट्रॅक मेंटेनर म्हणतात. खडी सैल झाली का, पुलाच्या खांबाशी पाणी भोवरा घेतंय का, मोरीत गाळ साचला का, हे पाहत ते रोज चालतात. यंत्रं आणि कॅमेरे त्यांच्या मदतीला यायला हवेत आणि येतही आहेत. पण यंत्र आलं म्हणून चालणारी माणसं कमी करायची, हा हिशेब मला भीतिदायक वाटतो. यंत्राला जे मोजायला सांगितलं तेच ते मोजतं. रोज त्याच वाटेने चालणाऱ्याला काय बदललंय ते दिसतं, मग ते मोजायला कुणी सांगितलेलं असो वा नसो.

मोरीचा उल्लेख आला, तो चिखल्यासाठी महत्त्वाचा आहे. या भागात रुळांना धोका समुद्रावरून आहे असं वाटतं, पण दर पावसाळ्यात परीक्षा होते ती पूर्वेकडून. रेल्वेचा भराव हा पाण्याच्या वाटेत घातलेला लांबच लांब बांध असतो. डोंगराकडून येणारं पाणी त्याच्याखालच्या मोऱ्यांतून आणि लहान पुलांतून समुद्राकडे जातं. मोरी अपुरी पडली तर पाणी भरावाच्या पूर्वेला तुंबतं, भाताची खाचरं आणि पाडे बुडतात, आणि भिजलेला भराव खचायला लागतो. त्याच वेळी खाडीत उधाणाची भरती असेल तर पाण्याला बाहेर पडायला वाट नसते. आता एका भरावाच्या शेजारी दुसरा आला आहे, आणि आणखी पूर्वेला बुलेट ट्रेनचा मार्ग उभा राहतो आहे. जुन्या मोऱ्या 1860च्या दशकातल्या ओढ्यांच्या मापाने घातल्या होत्या. वरची जंगलं तेव्हाची राहिली नाहीत, पाऊस तेव्हासारखा पडत नाही. दोन भरावांच्या मोऱ्या एकमेकींसमोर आणि पुरेशा रुंद असणं ही इथे रेल्वेच्या सुरक्षिततेची पहिली अट आहे. मोरीकडे मात्र फारसं कुणी पाहत नाही, कारण तिचं उद्घाटन होत नसतं.

तशीच दुसरी गोष्ट वाळूची. दक्षिणेला वैतरणा आणि सफाळे यांच्या दरम्यानच्या रेल्वे पुलांजवळ बेकायदा रेतीउपसा होतो, त्याने खांबांना धोका आहे, ही ओरड वर्षानुवर्षं आहे. नदीतून काढलेली वाळू समुद्राला मिळत नाही, म्हणून किनाऱ्यालाही मिळत नाही. पुलाचा पाया आणि पुळण, दोघांची उपासमार एकाच फावड्याने होते.

आणि या सगळ्याच्या वर आता वाढवणचं बंदर. डहाणू तालुका 20 जून 1991च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. 1996 साली त्याच्या रक्षणासाठी प्राधिकरण नेमलं गेलं आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी अखेरपर्यंत त्याचं अध्यक्षपद निष्ठेने सांभाळलं. 1998 साली याच प्राधिकरणाने वाढवण बंदराला नकार दिला होता. 2023 साली त्याच प्राधिकरणाकडून परवानगी मिळाली आणि 30 ऑगस्ट 2024 रोजी पायाभरणी झाली. समुद्रात भराव घालून बंदर, त्यापुढे सुमारे दहा किलोमीटरची लाटारोधक भिंत, आणि भरावाची वाळू दमणसमोरच्या समुद्रतळातून, अशी ती योजना आहे. नकाशावर पाहा: वाळू काढायची चिखल्याच्या उत्तरेला, भिंत उभी राहणार दक्षिणेला, आणि मधे हा उघडा वाळूचा किनारा. तज्ज्ञांनी प्रतिकृती करून अहवाल दिले आहेत. त्यांच्या विद्वत्तेबद्दल मला शंका नाही. पण मच्छीमारांनी घेतलेली हरकत केवळ मासळीपुरती नव्हती, ती किनाऱ्याच्या हालचालीबद्दलही होती, आणि तिला मिळालेलं उत्तर मला पुरेसं वाटत नाही.

कायद्याने सोडलेलं अंतरही आकसलं आहे. 1991च्या किनारा नियमनात गावांपुढे भरतीरेषेपासून 200 मीटर बांधकामबंदी होती. 2019च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या ग्रामीण भागात ती 50 मीटरवर आली. गावकऱ्याला स्वतःचं घर नीट बांधता यावं ही मागणी रास्त होती. पण ज्या सवलतीने गावकऱ्याची खोली वाढते तिनेच रिसॉर्टची भिंतही पुढे येते, आणि समुद्राला पसरायला ठेवलेली जागा दोन्ही वेळा तेवढीच कमी होते.

मी इतका वेळ ज्याला पट्टा म्हणतोय तिथे माणसं राहतात, याचा विसर रेल्वेच्या सुरक्षिततेचा विचार करताना सहज पडतो. रूळ समुद्रापासून पुरेसे आत आहेत, असं अहवालात लिहिलं जातं तेव्हा ते पुरेसं अंतर म्हणजे कुणाची तरी वाडी असते, कुणाचं होडी ओढण्याचं ठिकाण, कुणाची विहीर. पुळण मागे आली की खारं पाणी आधी त्या विहिरीत उतरतं, मग चिकूच्या मुळांशी जातं, आणि रुळापर्यंत पोचेस्तोवर दोन पिढ्यांचं नुकसान होऊन गेलेलं असतं. घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते ज्या जमिनीच्या गुणामुळे मिळालं ती जमीनच रेल्वेची ढाल आहे. मुंबई-अहमदाबाद मार्ग बंद पडला तर एका दिवसाचं नुकसान किती होईल, हे रेल्वेला सांगता येतं. मग त्या नुकसानीपासून वाचवणाऱ्या पट्ट्यावर वर्षाला काही रक्कम खर्च करणं तिला जड जाऊ नये.

ती रक्कम कशावर जावी, हेही चिखल्याच्या काठावर उभं राहिलं की बऱ्यापैकी कळतं. डहाणूच्या खाडीपासून झाईच्या खाडीपर्यंत एकच आराखडा असावा, आणि तो पत्तन विभाग, वन विभाग, रेल्वे आणि या सगळ्या ग्रामपंचायतींनी एका टेबलाभोवती बसून करावा. घरं पडताहेत तिथे दगडी बंधारा. तो जिथे संपतो तिथल्या पुढच्या गावाचं काय, याचं उत्तर त्याच ठरावात. इतर ठिकाणी मर्यादवेल, केवडा, मिश्र झाडं, आणि खाडीमुखाशी तिवरं. पूर्वेला प्रत्येक मोरीचं माप नव्याने. पुळणीची उंची पावसाळ्याआधी आणि नंतर, दरवर्षी, ठरलेल्या जागी मोजायची. ते काम गावातल्या शाळेची मुलं शिक्षकांबरोबर करू शकतील. बोर्डी-कोसबाडच्या या परिसरात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शिक्षण अंगणात आणलं होतं, ते पुळणीवर न्यायला हरकत नाही. लाटारोधक भिंत उभी राहण्याआधीची मापं हाती असली तरच नंतर काय बदललं ते सांगता येईल, म्हणून ही मोजणी येत्या पावसाळ्याच्या आधीच सुरू व्हायला हवी.